प्लास्टिकचा ब्रेक

दहावीच्या परीक्षा जवळ आल्या की मला अजून लाज वाटते. परीक्षा माझी नसते, आमच्या घरात आता कुणाचीच नसते. पण परवा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पेपर संपेपर्यंत वायफाय बंद हं," आणि माझे कान तापले. त्या बिचाऱ्या मुलाच्या भूमितीबद्दल बोलत होत्या. मी मान डोलवत होते, पण मनाने मी केव्हाच वर आमच्या हॉलमध्ये, टेबलाखाली पाय अडकवून बसले होते.

हे नीट सांगायचं तर आमच्या निखिलच्या दहावीपासून सुरुवात करायला हवी. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. वसईतल्या आमच्या माणिकपुरात तेव्हा ज्या घरात दहावी असे, त्या घराला जवळजवळ सुतकच लागे. केबलवाल्याला सांगून केबल तोडायची, पाहुण्यांना इतक्यात येऊ नका म्हणून कळवायचं, मिक्सरसुद्धा मुलगा बाहेर गेल्यावर लावायचा. आमच्याकडे यात कंप्युटरची भर होती. त्याला मी ब्लाउजच्या अस्तरातून उरलेल्या कापडाचा अभ्रा शिवला होता, कडेला पायपिंग वगैरे लावून. त्या अभ्र्याखाली निखिलच्या मामाने मस्कतहून आणलेलं गाडीच्या शर्यतीचं खेळणंही झाकलेलं होतं. खेळणं म्हटलं की निखिल चिडायचा. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं स्टिअरिंग आणि खाली जमिनीवर ठेवायची एक प्लास्टिकची पाटी, तिच्यावर दोन पेडल. उजवं रेसचं, डावं ब्रेकचं. आमच्या ह्यांनी जानेवारीतच फर्मान काढलं होतं, "पेपर संपेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही." निखिलने लावला नाही. पोर गुणी होतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये फिलोमिना राहायची. तिच्या सासऱ्यांच्या वाडीवरच आमची बिल्डिंग उभी राहिलेली, म्हणजे ती मूळची इथली आणि आम्ही कोकणातून येऊन तिच्या केळींच्या जागी संसार मांडलेले. तिच्याकडे याच दिवसांत ईस्टरआधीचा उपवासकाळ असायचा. मांसमच्छी बंद, शिवाय आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं. त्या वर्षी तिने चहा सोडला होता आणि दुपारभर डोकं धरून बसायची. आमच्या झाकलेल्या कंप्युटरकडे बघून म्हणायची, "तुमच्याकडं पन उपासच चाललाय की." एका मजल्यावर दोन घरं आणि दोन्हीकडे काही ना काही वर्ज्य. मला ते बरं वाटायचं, आपण एकटेच वेडे नाही असं वाटायचं.

वसईतला मार्च मला आवडतो, लाज बाजूला ठेवून सांगते. सकाळी अजून गारवा असतो, झाडांवर कैऱ्या सुपारीएवढ्या झालेल्या असतात, आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटतो तो आमच्यापर्यंत येता येता नुसता कोमट झालेला असतो. तेव्हा त्यात टँकरच्या पाण्याचा वास मिसळलेला असे. गळक्या टँकरने भिजवलेल्या धुळीचा वास म्हणते मी. लग्नसराई तोंडावर आलेली असे आणि मी शिवणकाम करत असल्यामुळे हॉलभर ब्लाउजपीस पसरलेले असत. दुपारी मध्येच वीज जाई, पंखा थांबे, आणि सगळ्या बिल्डिंगमधून एकच सुस्कारा ऐकू येई. माझं मशीन पायाचं होतं, त्याला विजेची फिकीर नव्हती.

आणि खाली, जिन्याच्या तोंडाशी, चंदेरी कव्हराखाली आमची गाडी उभी असायची. सेकंडहँड, छोटी, पांढरी. ह्यांनी ती मोठ्या हौसेने घेतली होती आणि त्याहून मोठ्या हौसेने जपली होती. आठवडाभर कव्हर, रविवारी फेरी. एकदा तर भर मार्चमध्ये आम्हांला चिंचोटीला नेलं. धबधब्याच्या जागी नुसता काळा दगड होता, पण ह्यांना धबधबा बघायचा नव्हताच, गाडी चालवायची होती. मी डावीकडे बसायचे आणि ह्यांचे हात बघायचे. वळण आलं की डावा हात वर, उजवा खाली, मग स्टिअरिंग आपोआप हातातून सरकत परत जागेवर यायचं. ते सरकणं मला फार आवडायचं. तेव्हा मला जे हवंसं वाटायचं त्याला नाव द्यायलाही मी घाबरत होते. मला ती गाडी चालवायची होती.

बास, एवढंच. सांगायला एवढंसं वाटतं. पण आमच्या घरात, आमच्या नात्यात, कुणा बाईने तोवर गाडीला हात लावलेला नव्हता. फिलोमिना स्कूटरवरून भाजी घेऊन यायची, पण ते तिचं. ह्यांना विचारलं असतं तर ओरडले नसते, ते ओरडणाऱ्यांतले नव्हेत. पण "तुला कशाला?" म्हणाले असते आणि त्या "कशाला"चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भाजी आणायला नव्हे, कुणाला सोडायला नव्हे. नुसतीच चालवायची होती. अशी नुसती इच्छा बाईमाणसाने तोंडातून काढायची म्हणजे काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटतं. तरी मी ठरवलं होतं की निखिलचे पेपर संपले, मे महिना लागला, की विचारायचं. मशीनवर बसून मी ते वाक्य घोळवत असे. "अहो, मला गाडी शिकायची आहे." कधी "अहो" काढून टाकायचे, कधी "जरा" घालायचे. शिवण होत जायची आणि वाक्य काही मनासारखं बसत नसे.

पहिल्यांदा अभ्रा काढला तो धूळ झटकायला, हे अगदी खरं आहे. निखिल दुपारी देवळामागच्या अभ्यासिकेत जायचा, हे ऑफिसात. कंप्युटर चालू कसा करायचा हे मला मामाची ईमेल वाचण्यापुरतं निखिलनेच शिकवलेलं. मग धूळ झटकता झटकता मी खुर्चीवर बसले, चप्पल काढली आणि पाटीवर पाय ठेवून बघितला.

शर्यतीत मी भाग घेतला असं कुणी समजू नये. पडद्यावरच्या बाकीच्या गाड्या सुसाट निघून जायच्या आणि मला हायसं वाटायचं. मग मी एकटी, डाव्या बाजूने, सावकाश. कुठलं तरी परदेशातलं गाव होतं. रस्त्यावर ना खड्डा, ना म्हैस, ना भाजीची हातगाडी. वळणावर मी हॉर्न शोधला, तो नव्हताच. एकदा उलट्या दिशेने निघाले तर पडद्यावर लाल अक्षरं उघडझाप करू लागली, तेव्हा मी गाडी कडेला घेतली आणि सगळ्यांना जाऊ दिलं. एका ठिकाणी रस्त्याच्या बाजूला पाणी दिसायचं, तिथे मी रोज थोडा वेळ थांबायचे. मागाहून येणारे मला धडकून जायचे, जाऊ देत. वीज गेली की सगळं काळं व्हायचं आणि त्या काळ्या काचेत मला माझा चेहरा दिसायचा, हसरा, घामेजलेला. तो बघून मी पटकन उठायचे.

अभ्रा घालून ठेवताना लाज वाटायचीच. घरात ज्याने खेळायचं तो बिचारा प्रमेयं पाठ करतोय आणि आई खेळतेय. पण त्याहून जास्त लाज होती ती त्या हसऱ्या तोंडाची. चाळिशीला टेकलेली बाई, कपाळावर घाम, बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा, आणि तोंड असं.

मोडलं ते माझ्या पायाच्या सवयीने. पायाचं मशीन चालवलेल्या बायकांना हे लगेच कळेल. मशीनच्या पायडलवर पाऊल सबंध टेकलेलं असतं, चवडा आणि टाच आळीपाळीने दाबायची. आणि थांबवायचं असलं की टाच घट्ट रोवायची नि हात वरच्या चाकावर न्यायचा. बारा-चौदाव्या वर्षापासून माझा पाय एवढंच शिकलेला. त्यामुळे गाडी थांबवायची झाली की मी ब्रेकचा वरचा भाग चवड्याने दाबायच्याऐवजी खालच्या अंगाला टाच रोवायचे, सगळा भार देऊन. गाडी थांबायची नाही, म्हणून आणखी रोवायचे. त्या दुपारी पाण्याजवळचं वळण आलं, खाली टँकरचा हॉर्न वाजला, मी दचकले आणि टाचेवर अशी काही उभी राहिले की खालून कट्ट असा आवाज आला. ब्रेकचा बिजागरीसारखा भाग तुटला, पेडल आडवं झालं, पाय आत गेला आणि आतल्या स्प्रिंगमध्ये माझं जोडवं अडकलं.

पाय निघेना. ओढलं तर बोट सोलवटायचं. वर पडद्यावर गाडी एका भिंतीला नाक लावून घरघरत होती. आमच्या मजल्यावर दुपारी दारं नुसती लोटलेली असतात आणि टँकर आला की एकमेकींना हाका मारायची पद्धत. त्याप्रमाणे फिलोमिना हातात बादली घेऊन दार ढकलून आत आली. "सुनीता, पानी आलं ना," म्हणाली आणि थांबली.

मी काय दिसत असेन ते मी आजवर कितीदा तरी डोळ्यांपुढे आणलं आहे. साडी गुडघ्यापर्यंत, एक पाय टेबलाखाली, एक हात अजून स्टिअरिंगवर.

तिने बादली ठेवली, आमच्या स्वयंपाकघरातून तेल आणलं, टेबलाखाली शिरली आणि बोटाला तेल लावून जोडवं हळूहळू सोडवलं. जोडवं वाकडं झालं होतं. ते माझ्या हातात ठेवत तिने विचारलं, "लागलं का?" मग पडद्याकडे बघून, "किती लांब गेलेलीस?" मला रडू फुटलं. तिला वाटलं बोट दुखतंय. तिने माझीही बादली भरून आणली आणि ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नाही. तिचा तो भलेपणाही मला पुढे कित्येक दिवस सहन होत नसे. जिन्यात तिचा आवाज आला की मी दार लावून घ्यायचे.

जेवताना मीच सांगितलं. लपवण्यासारखं नव्हतंच, बोटाला पट्टी होती, जोडवं नव्हतं. सांगायला सुरुवात केली तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मला वाटलं, आता विषय निघालाच आहे तर मे महिन्याची वाट कशाला, ते वाक्य आजच बोलून टाकू. म्हणून मी टाच कशी रोवली, जोडवं कसं अडकलं, सगळं नीट सांगत त्या वाक्याकडे जात होते. पण जोडव्यापाशीच ह्यांना हसू फुटलं. असं हसले की ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. निखिलही हसला, त्याला तर कितीतरी आठवड्यांत हसायला कारणच मिळालं नव्हतं. "आई, तू? अगं, लॅप टाइम किती आला तुझा?" आणि हे पाणी पिऊन म्हणाले, "प्लास्टिकचा ब्रेक टिकला नाही तुझ्या पायाखाली, खरी गाडी असती तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यात वाईट काही नव्हतं, कौतुकच होतं त्यांच्या परीने. मीही हसले. माझं वाक्य मी आमटीबरोबर गिळून टाकलं.

दुरुस्ती मी माझ्याकडे घेतली. हे म्हणाले राहू दे, मामाला सांगू, पुढच्या खेपेला नवी पाटी आणेल. पण ती तुटकी पाटी घरात दिसत राहणं मला नको होतं. ब्लाउजच्या पिशवीत, वर दोन-चार कापडं टाकून मी ती घेऊन निघाले. स्टेशनाजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने उलटीपालटी करून बघितली. नुसती पेडल कुठे मिळत नाहीत म्हणाला, सबंध सेट घ्यावा लागेल, तोही मुंबईला मिळाला तर. आतली तुटलेली वायर मात्र त्याने जोडून दिली. "मुलाचं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो." "हल्लीची पोरं फार दांडगी." मी म्हटलं, "हो ना." सायकलवाल्याकडे कॅरियरची स्प्रिंग घेतली, त्यानेही विचारलं, मुलाचं का. लोखंडी बिजागरी घेताना हार्डवेअरवाल्याने विचारलंच नाही, तरी मी आपण होऊन सांगितलं, मुलाचं आहे. आयुष्यात मी पोराच्या नावाने इतकं कधी खरेदी केलं नसेल.

पण काम मात्र झकास झालं. एका जुन्या पाटावर मी ब्रेकचं पेडल बिजागरीने बसवलं, मागे सायकलची स्प्रिंग, आणि पेडल जिथे येऊन थांबायचं तिथे मशीनच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा ठोकला, म्हणजे आवाज होऊ नये. दोन दुपारी गेल्या त्यात. कैरीचं लोणचं घातल्यावर होतं तसं समाधान झालं. मग चालतो का ते बघायचं होतं. खुर्ची ओढली, आणि बसायच्या आधीच मागे सरले. जमिनीवर बसून मी तो ब्रेक हाताने दाबून बघितला. पडद्यावरची गाडी थांबली. मी अभ्रा घातला.

पेपर संपले त्या दिवशी निखिल खेळायला बसला, ब्रेक दाबला आणि म्हणाला, "आई, कसला भारी झालाय. आधीपेक्षा खरा वाटतो." मित्र आले की तो अभिमानाने पाट दाखवायचा, आईने बनवलाय म्हणून. हे जोडव्यांची नवी जोडी घेऊन आले. हातात देताना म्हणाले, "ही ब्रेकपासून लांब ठेव." त्यांना माझ्याबद्दल माया नव्हती असं मी कधीच म्हणणार नाही. त्या मायेतूनच त्यांनी तो किस्सा मे महिन्यातल्या प्रत्येक लग्नात सांगितला. विरारला भाच्याच्या लग्नात पंगतीतले लोक मला विचारत होते, "काय वहिनी, लायसन निघालं का?" मी लाडू वाढत होते आणि गाल दुखेपर्यंत हसत होते.

पुढे पुढे मीच सांगू लागले. दुसऱ्याने सांगून आपण लाजण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असा हिशेब असेल. हे जोडव्यापासून सुरू करायचे, मी टँकरच्या हॉर्नपासून सुरू करायला लागले. फिलोमिनाचं बादलीसकट थबकणं मी उभं राहून करून दाखवायचे. साडी किती वर होती ते सांगितलं की बायका हसून लोळायच्या. माझ्याइतकं रंगवून कुणाला जमायचं नाही. पाण्याजवळ थांबायचे ते मात्र मी गाळलं. मशीनवर घोळवलेलं वाक्यही गाळलं. गाळता गाळता एक वेळ अशी आली की मलाही ती नुसतीच एका वेंधळ्या बाईची गंमत वाटू लागली. लाज वाटते ती खरं तर इथे. खेळले त्याची नाही, मोडलं त्याचीही नाही. जे मला मनापासून हवं होतं त्याला मी हसायला शिकले, आणि चारचौघांना शिकवलं.

ती पांढरी गाडी केव्हाच विकली. निखिल पुण्याला असतो. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते आता गाडीत मागे बसतात, ऐसपैस. गेल्या रविवारी निखिल आला होता, आम्हांला भुईगावच्या समुद्रावर घेऊन गेला. सुरूच्या झाडांपलीकडे मोकळं मैदान आहे, तिथे त्याने गाडी थांबवली, उतरला आणि फिरून येऊन माझ्या बाजूचं दार उघडलं.

"आई, चल, आज तू बस. ऑटोमॅटिक आहे. इथे कुणी नाही."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "नको रे बाबा, ब्रेक तोडीन मी." आणि मी हसण्याची वाट बघत थांबले. तो हसला नाही. मुलगा मोठा झाला की त्याच्या बघण्यात कधी कधी फार काही येतं.

"आई, तुला तेव्हा खरंच शिकायची होती का गाडी?"

वाऱ्यावर वाळू उडून गाडीत येत होती. मी साडीवरची वाळू झटकली. मग म्हटलं, "होती." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते बाहेर पडलं, आणि तेही असं, भूतकाळात.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसलात ना."

मी रागाने नव्हतं म्हटलं. तरी निखिलची मान खाली गेली आणि मला वाटलं, हे कशाला बोलले मी, पोराला कशाला.  मग मागच्या सीटवरून ह्यांचा आवाज आला, हळू, खरोखर गोंधळलेला.

"पण सुनीता, मला वाटायचं तुलाही गंमत वाटायची त्याची. तू इतकं छान सांगायचीस."

मी पदर आत ओढून घेतला. निखिल थोडा वेळ दार धरून उभा राहिला, मग त्याने ते हलकेच लावलं. छानच सांगायचे मी.